वाचक क्रमांक सात

किल्लीवाले काका पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले तेव्हा ते कुलूप दुरुस्तीलाच आलेत असं धरून मी सरळ मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं. ते कपाट तीन महिने अडकून पडलं होतं. काकांनी एक शब्द न बोलता पिशवीतून दोन तारा काढल्या, कपाट उघडून दिलं, रुमालाला हात पुसले आणि मग म्हणाले, "ताई, मी वाचायला आलोय."

मी माफीबिफी मागितली असेन, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला हसू आलं होतं आणि मी ते फारसं लपवलंही नव्हतं.

ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी आमची संस्था दर महिन्याला एक बोलका अंक काढते. गोष्टी, लेख, प्रवासवर्णनं, थोडी विज्ञानाची माहिती. दहा-अकरा जण हौसेने येऊन वाचतात, आम्ही ते रेकॉर्ड करतो आणि श्रोत्यांच्या फोनवर पाठवतो. जागा म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. एकीत मी, माझा कॉम्प्युटर, एक बाक, सूचनाफलक आणि ते कपाट. दुसरीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेली रेकॉर्डिंगची जागा. खाली दवाखान्यात कुणी जोरात शिंकलं की वर पान पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.

काकांचं दुकान आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर. दुकान कसलं, एका माणसाला कपाटात उभं केलंय असं वाटावं एवढी जागा. किल्ल्या कापायचं यंत्र, खिळ्यांना लटकवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या आणि सगळीकडे पितळेचा भुगा. तो भुगा काकांच्या भुवयांतसुद्धा असायचा. बोलणं अगदी मोजकं. गिऱ्हाइकाला "उद्या या" याच्यापुढे तिसरा शब्द मिळाला तर त्याने नशीब समजावं. असा माणूस वाचून वाचून काय वाचणार, असं मला वाटलं.

पण या माणसाने अकरा वर्षं रोज मोठ्याने वाचलं होतं. त्यांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. म्हातारपणी त्यांची नजर गेली, जीभ मात्र शाबूत होती. संध्याकाळी जावयाने पेपर वाचून दाखवायचा असा त्यांचा हुकूम. सुरुवातीला काका मान खाली घालून सुसाट वाचत सुटायचे, तर म्हातारी काठी आपटायची. "मध्ये मध्ये बोल की जरा! मी काय भिंत आहे?" मग काका थांबायला शिकले. बातमीत काही मूर्खपणा आढळला तर "बघा, अक्कल बघा" म्हणायला शिकले. हसू आलं तर हसायचं, कळलं नाही तर "हे मलाही नाही समजलं, परत वाचतो" असं सांगून टाकायचं. सासूबाई गेल्यावर पेपर येत राहिला, पण दोन महिने काकांनी त्याची घडी मोडली नाही. आणि मग एका मंगळवारी दुपारी दुकान बंद करून ते आमचा जिना चढले. त्यांना पुन्हा कुणीतरी ऐकणारं हवं होतं, दुसरं काही नको होतं. हे मला काकूंनी सांगितलं, पण फार उशिरा. मी त्याच दिवशी विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

त्याच मंगळवारी अर्ध्या तासाने बाई आल्या. बाई म्हणजे माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना निवृत्त होऊन किती वर्षं झाली आणि माझी चाळिशी उलटली, तरी त्यांना दारात बघून मी ताडकन उठले आणि त्या "बस" म्हणेपर्यंत उभीच होते. बाईंचे उच्चार असे की त्यांनी साधं "पाणी दे" म्हटलं तरी ते फळ्यावर लिहिल्यासारखं वाटतं. त्या वाचायला येणार म्हटल्यावर मला झालेला आनंद वेगळाच होता. काका तेव्हा आत वाचत होते. ते बाहेर येईपर्यंत मी बाईंना चहा पाजला, घाईघाईने खुर्ची पुसून दिली. आधी काकांचं रेकॉर्डिंग झालं, मग बाईंचं.

आता माझी करामत सांगते.

आमच्याकडे श्रोत्याला वाचणाऱ्याचं नाव कळू द्यायचं नाही असा नियम आहे. पूर्वी एका वाचणाऱ्या मुलीला कुणीतरी फोन करकरून भंडावून सोडलं होतं, तेव्हापासूनचा. म्हणून प्रत्येक लेखाआधी मशीनचा आवाज नुसतं "वाचक क्रमांक चार" किंवा "वाचक क्रमांक नऊ" एवढंच सांगतो. वाचणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक रंगीत बिल्ला दिलाय. आत बसलं की तो मशीनला टेकवायचा. नवा बिल्ला पहिल्यांदा टेकवला की मशीन त्याला ओळीने पुढचा क्रमांक देतं आणि तो कायम राहतो. वाचणाऱ्यांना हा क्रमांक आम्ही आपणहून सांगत नाही, नाहीतर बोलता बोलता तो बाहेर फुटतो. अंक ऐकून झाला की श्रोता फोनवर बोलून आपलं मत कळवतो, फोन ते अक्षरांत उतरवतो आणि माझ्या तक्त्यात एक ओळ येऊन पडते. तारीख, वाचकाचा क्रमांक, अभिप्राय.

पण सात म्हणजे कोण आणि आठ म्हणजे कोण, हे तक्त्याला कसं कळणार? त्यासाठी मी दुसरा एक छोटा तक्ता केला. एका रकान्यात क्रमांक, शेजारी नाव आणि फोन. मग त्या दोन तक्त्यांची साखळी जोडली. प्रोग्रामिंग मला ओ की ठो येत नाही, पण आता ते यावं लागत नाही. पडद्यावर चौकोन असतात, ते एकापुढे एक ओढून ठेवायचे. नवी ओळ आली की क्रमांक उचल, छोट्या तक्त्यात शोध, समोरचं नाव घे, त्या फोनवर अभिप्राय धाड, महिनाअखेरीला फलकासाठी नावासकट छाप. पाच चौकोन. ते पहिल्यांदा आपोआप चाललं तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून मी ते दाखवायचे आणि शेखी मिरवायचे.

त्या मंगळवारी छोट्या तक्त्यात दोन नावं भरायची होती. सातपुढे मी बाईंचं नाव लिहिलं, आठपुढे काकांचं. किल्लीवाल्याचं नाव वर आणि बाईंचं त्याच्या खाली, हे माझ्या हातून होणारच नव्हतं. मी विचार करून काही केलं नाही, मानाने लिहीत गेले. मशीनने मात्र मान बघितला नव्हता, वेळ बघितली होती. सात काका होते.

तिसऱ्या आठवड्यात पहिला अभिप्राय आला. "वाचक सात, तुम्ही वाचता तेव्हा कुणीतरी शेजारी येऊन बसलंय असं वाटतं." मग दुसरा. "वाचक सात, तुम्ही हसलात तिथे मीही हसले. एकटीच होते." मग एका गृहस्थांचा. "तुम्ही 'हे मलाही नाही समजलं' म्हणालात त्याबद्दल आभार. इतके दिवस वाटायचं मीच ढ आहे." सगळे बाईंच्या फोनवर गेले आणि महिनाअखेर बाईंच्या नावाखाली फलकावर लागले.

बाई एकट्या राहतात. त्या फलकासमोर चष्मा लावून उभ्या राहायच्या, एकेक चिठ्ठी दोनदा वाचायच्या. एकदा म्हणाल्या, "छत्तीस वर्षं शिकवलं गं मी. कुणी असं म्हणालं नाही." माझ्या साखळीने बाईंना हे दिलं, असं मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

मला शंका आली नाही. बाई चांगल्याच वाचणार, त्यात नवल काय! हीच पत्रं काकांच्या नावाने आली असती तर मी तक्ता दहा वेळा तपासला असता. हे मी आता कबूल करते, पण कबूल केल्याने त्याचं बोचणं कमी होत नाही. कुणी विचारेल, तू रेकॉर्डिंग ऐकत नव्हतीस का? नव्हते. पडद्यावर आवाजाचा हिरवा पट्टा हलतो, तो लाल झाला नाही म्हणजे सगळं ठीक, एवढंच मी बघायचे. दीड वर्ष एक माणूस माझ्यापासून आठ पावलांवर बसून वाचत होता आणि मी पट्टा बघत होते.

काकांनी विचारलं ते एकदाच. पाचवा महिना असेल. रेकॉर्डिंग करून निघाले, फलकापाशी थांबले, आणि पिशवीचा बंद उगाच सारखा करत म्हणाले, "ताई, माझं काही आलंय का?"

"नाही काका, अजून नाही," मी म्हणाले. "येईल, येईल."

लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि जिना उतरले.

मग आठच्या नावाने खरंच दोन अभिप्राय आले. एक, "वाचक आठ यांचे उच्चार स्पष्ट आहेत." आणि दुसरा, "वाचक आठ जरा कमी रागावून वाचतील का? ऐकताना गृहपाठ राहिलाय असं वाटतं." दोन्ही नियमाप्रमाणे काकांच्या फोनवर गेले. पुढच्या मंगळवारी काका माझ्या टेबलासमोर उभे. "ताई, मी रागावतो का हो वाचताना?"

आता या प्रश्नाला "ऐकते आणि सांगते" हे उत्तर होतं. मी काय म्हणाले? "रागावत नाही, पण तुमचा आवाज जरा भारदस्त आहे ना, तसं वाटत असेल." न ऐकता ठोकून दिलं.

त्या दिवसापासून ते आपलं वाचन झालं की जायचे नाहीत. जादाचा हेडफोन मागून घ्यायचे आणि बाई आत वाचत असताना बाहेर बाकावर बसून ऐकायचे. मांडीवर किल्ल्यांचे नंबर लिहायची वही. तिच्या मागच्या पानांवर काही काही टिपून ठेवायचे. उठल्यावर फलकावरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचायचे आणि वहीशी ताडून बघायचे. मला फार गंमत वाटायची. बाईंनाही बरं वाटायचं. "शिकायची तळमळ आहे हो," असं त्या मला हळूच म्हणाल्या होत्या.

"इथे लिहिलंय बाई हसतात," काका एकदा फलकाकडे बोट करून म्हणाले. "कुठे हसतात ते मला पकडता येत नाही. बारीक हसत असतील."

मी हसले. म्हणाले, "काका, कान तयार व्हायला वेळ लागतो."

हळूहळू काकांचं वाचन बदललं. मध्येच बोलणं बंद झालं, थांबणं बंद झालं, हसणं बंद झालं. हे मला कसं कळलं? पट्ट्यातल्या रिकाम्या जागा बघून मी काटछाट करायचे, तिला काही उरेना म्हणून. त्यांचं रेकॉर्डिंग आता एका दमात पुढे पाठवता यायचं. मी खूश होते, त्यांना तसं बोलूनही दाखवलं. "काका, आता कसं स्वच्छ होतंय!" त्या माणसाला दीड वर्षात माझ्याकडून मिळालेली ती एकमेव शाबासकी.

नंतर सातच्या नावाचे अभिप्राय कमी झाले. मग थांबलेच. आणि मग एका गुरुवारी, वाचनाचा वार नसताना, सकाळी सकाळी बाई आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे वाच."

"वाचक सात, तुमची तब्येत बरी आहे ना? आमच्या घरात सगळे तुमची वाट बघतात. चोरीच्या त्या गोष्टीत तुम्ही मध्येच थांबून म्हणालात, असं कुलूप उघडत नाही हो, लेखकाने कुणाला तरी विचारायचं की! आम्ही त्यावर आठवडाभर हसत होतो. आता तुम्ही धडा वाचल्यासारखं वाचता. आमचं काही चुकलं का?"

"अगं, मी हे कधी म्हणाले?" बाई म्हणाल्या. "मला कुलपातलं काय कळतं?"

मी छोटा तक्ता उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग मशीनवर सात क्रमांकाची सगळ्यात जुनी फाइल लावली आणि एक हेडफोन बाईंना दिला, एक मी घातला.

काका वाचत होते. म्हणजे वाचत होते असं वाटतच नव्हतं. कुणीतरी दिवसभराचं काम आटपून पायऱ्यांवर टेकलंय आणि आपल्याला काहीतरी सांगतंय, असं होतं ते. एका वाक्यावर ते थांबले, स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "थांबा, हे फार छान आहे, परत वाचतो." मी दीड वर्षात पहिल्यांदा ऐकत होते. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. फाइल संपली तरी त्यांनी हेडफोन काढला नाही.

"खरंच छान वाचतो गं हा," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, फलकापाशी गेल्या आणि आपल्या नावाखालच्या चिठ्ठ्यांच्या टाचण्या एकेक करून काढू लागल्या. टाचण्या डबीत ठेवल्या, कागद सरळ करून माझ्या हातात दिले.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. माझं नाव वर का लिहिलंस?"

"तुम्ही... मोठ्या आहात म्हणून."

"मी हे शिकवलं का तुला?" त्यांचा आवाज शाळेतला होता. मी मान खाली घातली. मग त्याच म्हणाल्या, अगदी हळू, "शिकवलं असेन."

तिथे जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. एकाच्या तोंडचं काढून दुसऱ्याला दिलं होतं, आणि आता ते दुसऱ्याकडूनही परत घेत होते. बाई घरी गेल्या त्या रिकाम्या हाताने, आणि त्यांनी कुणाचं काहीही बिघडवलेलं नव्हतं.

दोन नावांची अदलाबदल करायला मला अर्धं मिनिट लागलं. साखळीने तक्रार केली नाही, तिला सात म्हणजे कोणीही चालत होतं. मग माझ्या मनात आलं, सगळे जुने अभिप्राय साखळीतून पुन्हा सोडून द्यावेत. काकांच्या फोनवर आपोआप पोचतील, वर 'तांत्रिक अडचणीमुळे विलंब झाला' असं एक वाक्य टाकावं. मी ते वाक्य टाइपही केलं. खोटं नव्हतं, हीच त्याची घाण होती. बाई जाताना बजावून गेल्या होत्या, "फोन करू नकोस. जाऊन सांग." ते आठवलं म्हणून वाक्य खोडलं. त्रेचाळीस अभिप्राय काकांच्या नावाने नव्याने छापले आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेले. शंभर पावलांचा रस्ता, पण मी वाटेत दोनदा थांबले.

काका यंत्रावर किल्ली कापत होते. काकू डबा घेऊन आल्या होत्या आणि बाहेर स्टुलावर बसल्या होत्या. मी तोंड उघडलं तर यंत्राच्या आवाजात काही ऐकू जाईना. "काय म्हणालात?" काकांनी यंत्र बंद केलं. मग मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, शांततेत, आणि ते जास्त अवघड होतं. बिल्ला, क्रमांक, तक्ता, बाईंचं नाव वर. ते का वर, तेही सांगितलं. ते गाळायचा मोह झाला होता.

काकांनी हात पुसले आणि कागद घेतले. पहिली चिठ्ठी मनात वाचली. दुसरी मोठ्याने वाचायला लागले, काकूंसाठी. "तुम्ही हसलात तिथे मीही हसले. एकटीच होते." थांबले. "बघ," ते काकूंना म्हणाले, "ही बाई एकटी होती." पुढची वाचली. गृहस्थांची, स्वतःला ढ समजणाऱ्यांची. "बघा, अक्कल बघा! अहो, लेख लिहिणाराच ढ होता!" अगदी रेकॉर्डिंगमधलाच तो आवाज होता. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, तेही ऐकत राहिलं.

तेव्हाच काकूंनी मला सासूबाईंची, म्हणजे त्यांच्या आईची, हकीकत सांगितली. आणि शेवटी म्हणाल्या, "आधी हे पेपर वाचायचे तर मी स्वयंपाकघरातून जबाब द्यायचे. आता घरातसुद्धा नोटीस वाचल्यासारखं वाचतात. मी म्हटलं, असं का? तर म्हणे, लोकांना असंच आवडतं."

"काका, मला माफ करा," एवढंच म्हणाले.

काका कागदांची घडी घालत होते. "माझ्याकडून एकदा दोन गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांची अदलाबदल झाली होती," ते म्हणाले. "संध्याकाळच्या आत दोघं परत आले. कुलूप लगेच सांगतं हो. तुमच्याकडे सांगणारं कुणी नव्हतं." रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी विचारलं, "बाईंना सांगितलंत? त्यांना लागलं असेल."

"सांगितलं."

"आणि ते रागावून वाचण्याचं कुणाचं?"

"ते... बाईंचं."

काका एवढ्या मोठ्याने हसले की समोरच्या दुकानदाराने मान वळवली. मला वाटलं, सुटले. जीव भांड्यात पडला. "मंगळवारी येतो," ते म्हणाले.

मंगळवारी ते आले, बिल्ला टेकवला, आत बसले. मी हेडफोन घातला आणि पट्ट्याकडे पाठ करून बसले. आज ऐकायचंच असं ठरवलं होतं.

प्रत्येक शब्द सुटा. प्रत्येक स्वल्पविरामाला सारखीच विश्रांती. पान होतं एका माणसाच्या फजितीचं. ऐन गमतीच्या जागी काका थांबले. मला वाटलं आता येईल. ते हसले. पण हसायचं आहे हे आठवून हसले, आणि ते न हसण्यापेक्षा वाईट होतं. मग पुन्हा सुटे सुटे शब्द. दोन पानं वाचून त्यांनी दार उघडलं.

"कसं झालं?"

दीड वर्षात त्यांनी मला विचारलेले प्रश्न मोजकेच होते, आणि प्रत्येकाला मी न ऐकता उत्तर दिलं होतं. या वेळी ऐकलं होतं. "छान" म्हणणं एवढं सोपं होतं की शब्द ओठांवर आला होता.

"नाही काका," मी म्हणाले. "हे तुमचं नाही झालं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला वाटलंच. दुकानात येतं. इथे बसलो की तोंडात बाईच येतात."

"तुमचं जुनं रेकॉर्डिंग लावू? एकदा ऐकलंत तर—"

"नको. ते ऐकून काय करीन? पुन्हा नक्कलच करीन. या वेळी स्वतःची."

त्यांनी दार लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. त्या दुपारी मी त्यांना पाच वेळा नाही म्हणाले. मग दुकान उघडायची वेळ झाली. पुढच्या मंगळवारीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. एखादं वाक्य जुन्यासारखं यायचं, त्याचं त्यांनाच कळायचं, आणि कळलं की पुढचं वाक्य बिघडायचं.

त्या महिन्याचा अंक वाचक सातशिवाय गेला. चार दिवसांत तक्त्यात एकोणीस ओळी आल्या. सगळ्यांत एकच विचारणा होती, वाचक सात कुठे आहेत. या वेळी त्या बरोबर माणसाच्या फोनवर पोचल्या. काका दुकान सोडून जिना चढून आले आणि फोन माझ्यापुढे ठेवला. "यांना काय सांगायचं, ताई?"

"मी सांगते," मी म्हणाले. एकोणीस जणांना पाठवायचं उत्तर मी तिथेच, त्यांच्यासमोर लिहिलं. "वाचक सात बरे आहेत. तुम्ही पाठवलेला एकही अभिप्राय दीड वर्ष त्यांच्यापर्यंत पोचला नाही, कारण मी त्यांचा क्रमांक दुसऱ्या नावापुढे लिहिला होता. आपलं वाचन कुणाला आवडत नाही असं त्यांना वाटत राहिलं. त्यांचं वाचन मी बिघडवलं. ते पुन्हा प्रयत्न करत आहेत."

पाठवण्याआधी पडदा काकांकडे फिरवला. त्यांनी सावकाश वाचलं, 'त्यांचं वाचन मी बिघडवलं' या वाक्यावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवलं. ते वाक्य खोडा म्हणतील असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते.

"हे खरं आहे," काका म्हणाले. "राहू दे."